एका उन्हावर दोन पाती

हे मनन घाईने वाचायचं नाही. जमलं तर गवताजवळ बसा. सोसायटीच्या बागेतला हिरवा तुकडा चालेल, महापालिकेच्या उद्यानातली हिरवळ चालेल, गावाकडच्या बांधावर पसरलेली हरळीही चालेल. यांपैकी काहीच जवळ नसेल तर डोळे मिटून एखादी जागा आठवा. पाठ सरळ ठेवा, खांदे सैल सोडा. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी थोडं थांबा. पुढचा टप्पा कुठे पळून जात नाही.

विषय साधा आहे: उन्हावर चालणारं, आपलं आपण फिरणारं गवत कापायचं यंत्र. त्याला पेट्रोल लागत नाही, दोरी ओढून इंजिन सुरू करावं लागत नाही, त्याच्यामागे कुणाला चालावं लागत नाही. बागकाम स्वच्छ करण्याचा एक मार्ग म्हणून त्याच्याकडे पाहिलं जातं आणि ते रास्त आहे. आज आपण त्याची शिफारस करणार नाही आणि त्याला नावंही ठेवणार नाही. त्याच्याबरोबर हळूहळू चालू आणि ते आपल्याला कुठल्या प्रश्नापाशी आणून सोडतं ते पाहू.

पात्याकडे

गवताचं एकच पातं निवडा. नजर त्याच्या टोकावर ठेवा आणि सावकाश खाली, मुळाशी न्या.

बहुतेक झाडं शेंड्याकडून वाढतात. शेंडा खुडला की त्या फांदीची वाढ अडते, मग बाजूने फुटवे येतात. गवताची रीत वेगळी आहे. त्याची वाढ होते ती खाली, मातीलगत, पात्याच्या बुडाशी. वरचा भाग हा आधी वाढून झालेला भाग. म्हणून जनावराने वरून तोडलं तरी खालून पातं पुढे सरकत राहतं. चरणारी जनावरं आणि गवत लाखो वर्षं एकमेकांच्या सोबतीने घडली. कापलं जाणं हे गवताच्या घडणीतच धरलेलं आहे.

सकाळची वेळ असेल तर टोकावर एखादा थेंब दिसेल. तो दरवेळी दवाचाच असतो असं नाही. रात्री मुळांनी ओढलेलं जास्तीचं पाणी पात्याच्या टोकातून असं बाहेर पडतं. ताज्या कापलेल्या गवताचा वास आठवा. आपल्याला तो प्रसन्न वाटतो. पातं चिरलं गेल्यावर त्यातून जे वायू सुटतात त्यांचा तो वास. जखमेला वनस्पतीने दिलेला तो प्रतिसाद.

आता हरळी डोळ्यांसमोर आणा. शेतकरी तिच्यापायी हैराण होतो, कारण कितीही खणली तरी एखादं कांडं राहतंच आणि पुन्हा फुटतं. त्याच हरळीचे कोवळे शेंडे गणपतीला 21 दूर्वा म्हणून वाहिले जातात. आणि जगातल्या कितीतरी उष्ण प्रदेशांत बंगल्यांपुढच्या हिरवळीत आणि क्रिकेटच्या मैदानांवर हेच गवत जाणीवपूर्वक लावलेलं असतं. एकाच पात्याकडे पाहणारे हे तीन जण: एक उपटणारा, एक खुडून वाहणारा, एक सारखं कापणारा. तिघांनाही थोडा वेळ मनात शेजारी शेजारी बसू द्या.

हाताकडे

आता कापणाऱ्या हाताकडे या.

युरोपात आखीवरेखीव हिरवळ ही बराच काळ श्रीमंतांची चैन होती, कारण ती राखायला माणसं लागत. लांब दांड्याचं कोयतं घेऊन, पहाटे गवत ओलं असताना माणसं ओळीने गवत उतरवत. जिथे हे परवडत नसे तिथे मेंढ्या सोडत. मग 1830 साली इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशर परगण्यातल्या एडविन बियर्ड बडिंग नावाच्या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. त्याचा परिसर लोकरीच्या गिरण्यांचा. विणलेल्या कापडावर उठलेली लव फिरत्या पात्यांनी तासून काढणारी यंत्रं त्याने तिथे पाहिली होती. कापडावर चालतं ते जमिनीवर का चालू नये, एवढाच त्याचा विचार. त्यातून दंडगोलावर बसवलेली फिरती पाती आणि मागून ढकलायचा दांडा असं यंत्र तयार झालं. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाच्या बागेत ते लवकरच वापरात आलं. आपल्या उद्यानांत अजूनही एक जण पुढून दोरीने ओढतो आणि दुसरा मागून ढकलतो असं जे यंत्र कुठे कुठे दिसतं, ते बडिंगच्या यंत्राचं थेट वंशज आहे.

आपल्याकडची दुसरी प्रतिमाही आठवा: उकिडवं बसून, हातात विळा घेऊन, पुढे पुढे सरकत गवत कापणारी बाई किंवा माळी. मूठभर गवत डाव्या हातात, विळ्याचा एक हिसका, मग पुढची मूठ.

या दोन्हींत एक गोष्ट समान आहे. हात दमतो. ऊन चढलं की काम थांबतं. पाठ भरून आली की उरलेला कोपरा उद्यावर जातो, कधी आठवडाभर राहतो, आणि तेवढ्यात तिथे रानफुलं येऊन जातात. किती कापायचं हे कुणी बसून ठरवलेलं नसायचं. थकवाच ते ठरवायचा.

इथे थांबा. तुमच्या आयुष्यातली अशी कुठली कामं आहेत, ज्यांची हद्द थकव्याने आखून दिली होती?

आवाजाकडे

आता कान उघडा.

1902 साली इंग्लंडमधल्या रॅन्सम्स कंपनीने पेट्रोलवर चालणारं गवतयंत्र बाजारात आणलं. पुढच्या शतकात ते जगभर पसरलं. थकव्याने घातलेलं कुंपण त्याने बरंच मागे ढकललं. एका माणसाला एका सकाळी आधी जमायचं त्याच्या कितीतरी पट गवत कापता येऊ लागलं. बदल्यात आला आवाज आणि धूर.

पेट्रोलच्या अशा यंत्राचा आवाज चालवणाऱ्याच्या कानापाशी 90 डेसिबलच्या आसपास जातो. 85 डेसिबलच्या वर रोज तासन्‌तास काम केलं तर श्रवणशक्तीला धोका पोहोचतो असं धरलं जातं. जर्मनीत वस्तीच्या भागात रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गवत कापायचं यंत्र चालवायला कायद्यानेच मनाई आहे. आठवड्यातला एक दिवस शेजाऱ्यांच्या कानांसाठी राखून ठेवलेला आहे.

धुराचं गणित जास्त चकवणारं आहे. मोटारीचं इंजिन मोठं असलं तरी तिच्या धुरावर प्रक्रिया करणारं उपकरण धुराड्याच्या वाटेत बसवलेलं असतं. बागेतल्या छोट्या इंजिनांत ते सहसा नसतं, आणि टू-स्ट्रोक इंजिनातून तर काही इंधन न जळताच बाहेर जातं. कॅलिफोर्नियाच्या हवा-संसाधन मंडळाने दिलेली तुलना अशी: पेट्रोलचं व्यावसायिक गवतयंत्र एक तास चालवलं, तर धुरकं बनवणारं जेवढं प्रदूषण होतं तेवढं टोयोटा कॅम्री गाडी सुमारे 300 मैल, म्हणजे 480 किलोमीटर चालवल्यावर होतं. आपल्या हिशेबाने मुंबईहून बेळगाव. ही तुलना धुरकं बनवणाऱ्या वायूंची आहे, इंधनाच्या एकूण खर्चाची नाही. हा फरक मनात नीट ठेवा. 2021 मध्ये त्या राज्याने कायदा केला आणि 2024 पासून नव्याने बनणाऱ्या बहुतेक अशा छोट्या यंत्रांना शून्य उत्सर्जनाची अट लागू झाली.

आता महामार्गाच्या दुभाजकावर, खांद्याला ग्रास कटर अडकवून उभा असलेला कामगार आठवा. तोंडाला गुंडाळलेला रुमाल, पायांवर उडणारे खडे, पाठीशी किंवा कानाशी धडधडणारं इंजिन. गाडीच्या काचा वर करून आपण त्याच्या शेजारून जातो. एक श्वास त्याच्यासाठी घ्या. धुराचा पहिला वाटेकरी तो आहे, हवामानबदलाचे आकडे त्यानंतर येतात.

उन्हाकडे

आता चेहरा उन्हाकडे करा. डोळे मिटून घ्या. पापण्यांवर जी ऊब जाणवते ती सूर्यापासून निघून तुमच्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागला.

भर दुपारी, निरभ्र आकाशाखाली, एक चौरस मीटर जमिनीवर साधारण 1000 वॅट एवढं ऊन पडतं. त्यातलं गवत किती साठवतं? जेमतेम एखादा टक्का, बऱ्याचदा त्याहूनही कमी. 1954 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयोगी सौरघट तयार झाला तेव्हा तो सुमारे 6 टक्के ऊन विजेत बदलत असे, आणि तो लोकांना दाखवताना त्यावर एक खेळण्यातला आकाशपाळणा फिरवला होता. आज छतांवर बसणारी सौर पॅनेलं 20 टक्क्यांच्या आसपास जातात.

त्या पाळण्यापासून गवतापर्यंत यायला 41 वर्षं लागली. स्वीडनमध्ये व्हेटर्न सरोवराच्या दक्षिण काठावर हुस्क्वार्ना नावाचं गाव आहे. तिथल्या कारखान्याची सुरुवात 1689 मध्ये राजासाठी बंदुका बनवण्यापासून झाली. पुढे त्याच नावाने शिलाई यंत्रं आली, मोटारसायकली आल्या, लाकूड कापायच्या करवती आल्या. 1995 मध्ये या कंपनीने उन्हावर चालणारं, स्वतः फिरणारं गवतयंत्र बाजारात आणलं. भुंग्याच्या पाठीसारखं चपटं, वर सौरघट पसरलेले. हिरवळीच्या कडेने एक बारीक तार अंथरायची, तिच्यातून अगदी क्षीण विद्युतसंकेत सोडायचा. यंत्राला तारेची चाहूल लागली की ते वळतं. आत कुठलाही आराखडा नाही. सरळ जायचं, हद्द लागली की वळायचं, पुन्हा सरळ जायचं. ऊन गेलं की थांबायचं, ऊन आलं की पुन्हा चालायचं.

त्याच्यामागून मनातल्या मनात चाला. सावकाश.

त्याच्या पाठीवर मावतं पाव चौरस मीटरच्या आसपास पॅनेल. भर उन्हात त्यातून मिळणार फार तर 50 वॅट. एवढ्या शक्तीत गुडघाभर वाढलेलं गवत तोडणं शक्य नाही. म्हणून त्याची पाती दाढीच्या ब्लेडएवढी लहान आणि हलकी. म्हणून ते एका दिवसात सगळं उरकत नाही, रोज थोडं थोडं कुरतडतं. कापलेले कण इतके बारीक की गोळा करावे लागत नाहीत. ते तिथेच मातीवर पडतात, कुजतात आणि त्यातलं नत्र परत मुळांकडे जातं. या यंत्राचा सौम्यपणा त्याच्या गरिबीतून आला आहे. हाती थोडंच असल्याने ते हळू चालतं, आणि हळू चालल्याने त्याची गर्जना होत नाही.

पुढे बॅटरी आली, चार्जिंगचा थांबा आला, उपग्रहांच्या संकेतांवरून सेंटिमीटरच्या अचूकतेने जागा ओळखणारी, कॅमेऱ्याने वाट पाहणारी यंत्रं आली. आज अशा बहुतेक यंत्रांची वीज भिंतीतल्या सॉकेटमधून येते; कुठे छतावरच्या पॅनेलमधून. खर्च तरी किती? 30 वॅटचं यंत्र दिवसाला 5 तास चाललं तर महिन्याला साडेचार युनिटं. अर्धा लिटर पेट्रोलमध्ये साधारण तेवढीच ऊर्जा भरलेली असते, आणि पेट्रोलचं यंत्र ती अर्ध्या-पाऊण तासात संपवतं.

हे दोन आकडे तराजूच्या दोन पारड्यांत ठेवून क्षणभर पाहत राहा. पेट्रोल सोडल्याचा लाभ मोठा आणि खरा आहे. त्यानंतर उरणारी साडेचार युनिटं उन्हातून आली की सॉकेटमधून, हा फरक तुलनेने लहान आहे. घडवताना लागलेलं लिथियम, सिलिकॉन, प्लॅस्टिक, आणि काही वर्षांनी बॅटरी निकामी झाल्यावर तिचं काय करायचं, हा हिशेब त्याहून जड भरू शकतो. स्वच्छ साधन आणलं की आपली जबाबदारी संपली, असं म्हणायला मन लगेच तयार होतं. त्या तयारीकडे नुसतं पाहा.

पावसाकडे

आता स्वीडनहून घरी या. जुलै महिना आणा डोळ्यांसमोर.

हुस्क्वार्नाच्या आसपास जूनमध्ये दिवस सुमारे 18 तासांचा असतो. गवत जोमाने वाढतं तेही याच दिवसांत. म्हणजे जेव्हा काम असतं तेव्हा ऊन असतं, आणि हिवाळ्यात ऊन आटतं तेव्हा गवतही निजलेलं असतं. यंत्र, सूर्य आणि गवत यांचं वेळापत्रक तिथे जुळतं. त्या यंत्राचा जन्म तिथे झाला याचं नवल वाटायला नको.

कोकणात हे वेळापत्रक उलटं होतं. एप्रिलमध्ये ऊन मुबलक, पण पाणी घातलं नाही तर माळावरचं गवत वाळून पिवळं पडलेलं. जुलैत एकट्या मुंबईत सरासरी 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. गवत दिवसागणिक वर येतं आणि आकाश आठ-आठ दिवस उघडत नाही. ढगांखाली पॅनेलचं उत्पादन निम्म्याच्याही खाली घसरतं, ओली जमीन चाकांना धरून ठेवते, भिजलेलं गवत पात्यांना चिकटून गोळे होतात. पाठीवर पॅनेल घेतलेलं छोटं यंत्र नेमकं गरजेच्या वेळी उपाशी. देशावर, पुणे-सातारा-नाशिकच्या बाजूला, मधल्या उघडिपीत थोडं जमतं. विदर्भात ऑक्टोबरच्या उन्हात चांगलं जमतं.

तर मग आपल्याकडे उन्हावरचं बागकाम कसं? पॅनेल छतावर, बॅटरी हातात. वर्षभराच्या उन्हातून घराच्या छताने वीज बनवावी, आणि गवत कापायला बॅटरीवरचं साधं यंत्र असावं. मग ते आपलं आपण फिरणारं असो की माळ्याने चालवायचं. यंत्र दिवसा, पॅनेलं काम करत असताना चार्ज करायचं. रात्री ग्रिडवरून चार्ज केलं तर महाराष्ट्रात त्या विजेमागे बहुतांशी चंद्रपूर, कोराडीसारख्या केंद्रांत जळलेला दगडी कोळसा असतो. धूर आपल्या बागेतून नाहीसा होऊन दुसऱ्याच्या गावात निघालेला असतो.

आणि त्या दुभाजकावरच्या कामगाराला पुन्हा समोर आणा. स्वयंचलित यंत्र आलं तर त्याच्या कानांना शांतता मिळेल आणि हातचं कामही जाईल. बॅटरीवरचा कटर त्याच्याच हातात दिला तर शांतता मिळेल आणि रोजगार राहील. स्वच्छतेच्या दोन वाटा आहेत. दोन्हींवर माणूस सारख्याच ठिकाणी उभा राहत नाही. कुठली वाट बरी, याचं उत्तर लगेच देऊ नका. त्याचा चेहरा दिसेपर्यंत थांबा.

रात्रीकडे

आता उजेड कमी होऊ द्या. बागेत अंधार पडला आहे असं समजा.

पहिलं सौर यंत्र ऊन मावळलं की थांबत असे. बॅटरी आल्यावर ती सक्ती उरली नाही. यंत्र शांत आहे, शेजाऱ्यांची झोप मोडत नाही, मग दिवसा मुलांना हिरवळ मोकळी ठेवून रात्रीच का चालवू नये? युरोपातल्या अनेक घरांत हा विचार झाला, आणि त्याची किंमत हेजहॉगने मोजली. हा मुठीएवढा-ओंजळीएवढा काटेरी सस्तन प्राणी रात्री किडे, गोगलगायी शोधत बागांमधून हिंडतो. धोका दिसला की पळत नाही. अंग गुंडाळून काट्यांचा गोळा होऊन बसतो. कोल्ह्यापुढे ही युक्ती चालते. हळू, न गुरगुरता येणाऱ्या पात्यांपुढे चालत नाही. डेन्मार्क आणि जर्मनीतल्या संशोधकांनी या जखमांची नोंद घेतली. 2024 मध्ये जर्मनीतल्या कोलोन शहराने अशा यंत्रांना रात्री चालवायला बंदी घातली, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने युरोपियन हेजहॉगला संकटाच्या उंबरठ्यावरच्या प्रजातींत नोंदवलं. त्याच्या घसरणीची कारणं अनेक आहेत: रस्ते, कीटकनाशकं, तुटलेली कुंपणझाडी. यंत्र हे त्यांतलं एक.

आपल्याकडे त्या जागी कोण असेल ते आठवा. पावसाळी संध्याकाळी दिव्याखाली येऊन बसणारा भेक. गवतातून सळसळत जाणारी सापसुरळी. उघड्या जमिनीवरच अंडी घालणारी टिटवी, जी जवळ गेलं की डोक्यावर ओरडत घिरट्या घालते. यांतलं कुणी आपल्याला तक्रार लिहून देणार नाही.

जुन्या गर्जणाऱ्या यंत्राचे दोष सगळ्या आळीला ऐकू यायचे. आवाजच त्याच्यावरची पाळत होता. शांत यंत्राचं नुकसानही शांत असतं, म्हणून ते शोधायला आपणच जावं लागतं. रात्र थांबण्यासाठी आहे, हे पहिल्या सौर यंत्राला शिकवावं लागलं नव्हतं. त्याच्याकडे दुसरा पर्याय नव्हता. आता पर्याय आहे. म्हणून ते आपल्याला ठरवावं लागतं.

फुलाकडे

पुन्हा सकाळ होऊ द्या. हिरवळीत एखादं बारकं फूल शोधा.

आठवड्याला, पंधरवड्याला एकदा गवत कापलं जायचं तेव्हा मधल्या दिवसांत खुज्या रोपांना फुलायला सवड मिळे. युरोपातल्या हिरवळींत पांढरं क्लोव्हर, डेझी. आपल्याकडे लाजाळू, भुईआवळी, एकदांडी. रोज फिरणारं यंत्र ही सवड बंद करतं. एकेका दिवशी ते जवळपास काहीच कापत नाही, आणि तरी महिनाअखेर एकही फूल उरत नाही. कळी त्याच्या पात्यांच्या उंचीवर पोहोचली की गेली. मधमाशीच्या दृष्टीने ती जागा हिरवी असूनही ओसाड.

2005 साली क्रिस्तिना मिलेसी आणि सहकाऱ्यांनी उपग्रहाची चित्रं आणि हवाई छायाचित्रं वापरून अमेरिकेतल्या हिरवळींचा अंदाज काढला: घरापुढच्या, उद्यानांतल्या, गोल्फच्या मैदानांवरच्या मिळून सुमारे 1 लाख 64 हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त जमीन. पाणी देऊन वाढवलेल्या मक्याच्या क्षेत्राशी तुलना केली तर जवळपास तिप्पट. खायला काही न देणारं हे पीक क्षेत्राच्या हिशेबाने तिथलं सगळ्यांत मोठं सिंचित पीक ठरू शकतं. या सगळ्या जमिनीवर उद्या उन्हावरची यंत्रं फिरू लागली तर धूर जाईल, आवाज जाईल. पाणी तेवढंच लागेल. फुलं आजच्याहूनही कमी होतील.

ब्रिटनमध्ये प्लांटलाइफ ही वनस्पतिसंवर्धन संस्था 2019 पासून लोकांना एक साधी विनंती करते: मे महिनाभर यंत्र बाहेर काढू नका. त्या विनंतीत ऊर्जेचा शब्दही नाही. तिचा रोख कापण्याच्या सवयीवर आहे.

फुलाजवळच थांबा. आपण गवत कशासाठी कापतो? पायाखाली साप-विंचू दिसावा म्हणून. हे खरं कारण आहे. मुलांना खेळता यावं म्हणून, हेही खरं. शेजाऱ्यांनी आळशी म्हणू नये म्हणून? चित्रात तशी हिरवळ पाहिली म्हणून? एकेक कारण उचला, वजन करा, बाजूला ठेवा. घाई करू नका.

हद्दीकडे

आता सगळे टप्पे एकत्र आणा.

विळा होता तेव्हा हद्द पाठीने घातली. पेट्रोल आलं तेव्हा पैशाने, आवाजाने आणि धुराने घातली. पुरेशी नव्हती, पण होती. पहिल्या सौर यंत्राला हद्द सूर्याने घालून दिली. आजच्या यंत्राला दमणं नाही, खर्च नगण्य, आवाज नाही, रात्रीची अडकाठी नाही. बाहेरून येणाऱ्या सगळ्या हद्दी एकेक करून गळून पडल्या. स्वच्छ साधनाचं हे यश आहे, आणि त्याच्या पोटातच हे काम दडलेलं आहे: आता हद्द आपण आखायची.

हे नुसत्या विचारात ठेवू नका. मनातल्या हिरवळीवर उठून चाला. मुलं खरोखर कुठे खेळतात? संध्याकाळी खुर्च्या कुठे मांडल्या जातात? फाटकापासून दारापर्यंत पायवाट कुठून जाते? एवढ्याच जागा पावलांनी मोजा. बहुतेक बागांत ही जमीन एकूण हिरवळीहून बरीच कमी निघते. तेवढी कापलेली असू द्या. उरलेली वर्षातून एक-दोनदा, बी धरून झाल्यावर, माळ्याच्या विळ्याने किंवा बॅटरीच्या कटरने उतरवली तरी पुरे. कापायच्या भागातही एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशाहून जास्त काढू नये, हा माळ्यांचा जुना नियम पाळा. मुळं खोल राहतात, पाणी कमी लागतं.

स्वयंचलित यंत्र घेतलंच असेल तर त्यात तीन गोष्टी भराव्या लागतात: कुठली वेळ, कुठले दिवस, किती उंची. वेळेच्या जागी ऊन चांगलं वर आल्यापासून ते मावळायच्या बरंच आधीपर्यंतची भरा. दिवसांच्या जागी आठवड्याचे सातही दिवस भरू नका. उंचीच्या जागी यंत्र देईल त्यातली मोठी निवडा. तार अंथरताना तिचा वेढा खेळायच्या जागेभोवतीच घाला आणि कुंपणालगतची पट्टी बाहेर सोडा. यासाठी कुठलंही नवं तंत्र लागत नाही. आणि यंत्र घ्यायचंच नाही असं ठरलं, छोट्या तुकड्याला ढकलायचं साधं यंत्र पुरेल असं दिसलं, तर तोही या मननाचा पूर्ण निष्कर्ष आहे.

हा निर्णय एकदाच करून ठेवण्यासारखा नाही. दर वर्षी पहिल्या पावसाआधी तो घरातल्यांनी आणि माळ्याने मिळून पुन्हा तपासावा. मुलं मोठी होतात, खेळायची जागा बदलते, एखाद्या वर्षी टिटवी नेमकी मधोमध अंडी घालते. त्या वर्षी तेवढा तुकडा पिल्लं उठून जाईपर्यंत कापायचा नाही, हे यंत्राला सांगावं लागेल. ते ऐकेल. सांगणारं माणूस घरात असलं पाहिजे.